देवनागरी पाटीची फाइल सीएनसीला देण्यापूर्वी

फ्लेक्सच्या छपाईला चालली ती फाइल राउटरला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या सीएनसी मशीनला, चालेलच असं नाही. प्रिंटर पडद्यावर दिसतं तसं छापतो. राउटर फाइलमधल्या प्रत्येक रेषेवरून बिट (कापणारं फिरतं पातं) फिरवतो, मग ती रेषा तुम्हाला दिसत असो वा रंगाखाली दबलेली असो. इंग्रजी अक्षरं सुटी असल्यामुळे बऱ्याच चुका खपून जातात. देवनागरीत शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे तीच चूक थेट ॲक्रिलिकवर उमटते आणि शीट वाया जाते.

बहुतेक वेळा पायऱ्या माहीत असतात, त्यांचा क्रम चुकतो. वेल्ड (एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं) करण्याआधी शीटवर मांडणी होते, फट ठेवून झाल्यावर माप बदललं जातं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. उदाहरणासाठी एक काल्पनिक नाव धरू: ‘साधना वस्त्रभांडार’. देवनागरीच्या जवळपास सगळ्या अडचणी या दोन शब्दांत आहेत. आज्ञा कोरलड्रॉ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरच्या दिल्या आहेत, कारण आपल्याकडे पाट्यांचं बरंचसं काम त्यातच होतं. इंकस्केपमध्ये वेगळं असेल तिथे सांगितलं आहे.

## १. फाइल उघडण्याआधी मशीनवाल्याशी बोला

माल कोणता, जाडी किती, बिट कोणता, आणि कापायचं काय, या चार गोष्टी कळल्याशिवाय काम सुरू करू नका. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अक्षरं कापून काढून वर चिकटवायची, की पॅनलमध्ये अक्षरांच्या आकाराची भोकं पाडून मागून उजेड सोडायचा? आकृती दोन्हीकडे सारखीच दिसते, पण फाइल पूर्णपणे वेगळी असते.

एसीपीच्या, म्हणजे दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेल्या, शीटचं नेहमीचं माप १२२० × २४४० मिमी, म्हणजे बाजारातली ‘चार बाय आठ’. जाडी ३ किंवा ४ मिमी. ॲक्रिलिक ‘३ मिमी’ म्हणून आलं तरी व्हर्नियर लावून बघा, अनेकदा थोडं कमी भरतं. नुसतं आरपार कापायचं असेल तर फरक पडत नाही. खाचेत बसवायचं असेल तर पडतो.

थांबा: सनबोर्ड म्हणजे फोम पीव्हीसी. तो राउटरवर कापा, लेझरवर कधीही नाही. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो माणसाच्या फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनचे रेल, लेन्सही गंजवतो. एसीपीवर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, तोही पाटीवाल्यांकडच्या सीओटू लेझरला कापत नाही. ॲक्रिलिकला मात्र लेझर उत्तम.

## २. मजकूर आणि फाँट

मजकूर कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, की शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून मजकूर छापून ग्राहकाला वाचायला द्या आणि कागदावर सही घ्या. फोनवरचा ‘ओके’ पुरत नाही, कारण छोट्या पडद्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुटून जातं.

फाँट जुन्या पद्धतीचा आहे की युनिकोड, ते आधी ठरवा. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. उलट, कोरलच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड फाँट घेतला की ‘वस्त्र’चे तुकडे पडून पाय मोडलेली अक्षरं दिसतात आणि पहिली वेलांटी जागा सोडते. अशा वेळी मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करून, तिथेच पाथ (म्हणजे कर्व्हच) करून कोरलमध्ये आणा. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर तिथेही हाच प्रकार.

काही युनिकोड फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. मराठी वळण फाँटमध्ये असतं, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच ते बाहेर येतं. नावात ही अक्षरं असतील तर बघून घ्या.

कापायला फाँट जाड हवा. पुस्तकासाठी घडवलेले नाजूक फाँट वाचायला सुंदर असतात, पण त्यांच्या बारीक रेघा ५ मिमी ॲक्रिलिकमध्ये हाताळतानाच तुटतात. शब्द कापून निघतो तेव्हा त्याचं सगळं वजन शिरोरेषेवर असतं. माझा आडाखा असा: अक्षराच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा शिरोरेषा बारीक असेल तर दुसरा फाँट घ्यावा. आतून एलईडी टाकायचे असतील तर सगळ्यात अरुंद रेघेतही मॉड्यूल मावलं पाहिजे.

तपासणी: कर्व्ह न केलेल्या मजकुराची फाइल वेगळ्या नावाने ठेवली का? पुढचं सगळं काम प्रतीवर करा.

## ३. माप, एकास एक

पानाचं एकक मिलिमीटर करा आणि खऱ्या मापातच काम करा. १:१० वर काढून शेवटी वाढवायची सवय छपाईवाल्यांना असते. इथे ती महागात पडते, कारण १० पट वाढवल्यावर ०.१ मिमीची न जुळलेली फट १ मिमीची होते.

ग्राहक ‘अक्षर ८ इंच’ म्हणतो तेव्हा काय मोजायचं ते विचारा. शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंत ८ इंच, म्हणजे २०३.२ मिमी, धरलं तर वरची मात्रा-वेलांटी आणि खालचा उकार धरून शब्द त्याच्या दीडपटीजवळ जाऊ शकतो. फ्रेम आधीच बनलेली असेल तर अनुस्वार चौकटीवर चढतो.

पाटी महाराष्ट्रातली असेल आणि वर इंग्रजी नावही असेल तर आणखी एक गोष्ट. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कामगार किती आहेत हे न बघता सगळ्या दुकानांना लागू आहे. मी मात्रा न धरता देवनागरी अक्षराचा गाभाच इंग्रजी कॅपिटलइतका किंवा मोठा ठेवतो, म्हणजे कुणी टेप लावली तरी प्रश्न उरत नाही.

माप इथेच पक्कं करा. यानंतर आकार बदलावा लागला तर याच पायरीवर परत या.

## ४. कर्व्ह, मग वेल्ड

सगळ्यात जास्त शीट इथेच वाया जातात, म्हणून सावकाश जा.

आधी फाइलमधला दिखावा काढा. आउटलाइनची जाडी मशीनला कळत नाही, ती हवी असेल तर ‘कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्ट’ करा. नको असेल तर आउटलाइन काढून टाका. पॉवरक्लिपमध्ये (एका आकाराच्या आत दुसरं चित्र बसवण्याची सोय) दडलेला भाग पडद्यावर दिसत नाही, पण एक्स्पोर्टमध्ये अख्खा बाहेर येऊ शकतो. सावली आणि एन्व्हलप (आकार वाकवण्याची सोय) यांचीही तीच गत, कापायच्या प्रतीत ते राहू देऊ नका.

आता मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे तो कर्व्ह होतो. मग व्ह्यू मेन्यूतून वायरफ्रेम चालू करा. रंग गेल्यावर खरी फाइल दिसते. ‘साधना’च्या शिरोरेषेत जिथे अक्षराला अक्षर मिळतं तिथे उभ्या रेषा दिसतील, ‘ना’च्या कान्याजवळ एक अरुंद चौकोन दिसेल. अशीच फाइल मशीनला गेली तर बिट या रेषांवरूनही फिरतो आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात.

उपाय वेल्ड हाच. कंबाइन नव्हे. कंबाइन केलं की जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात तिथे भोक पडतं.

कोरलमध्ये एक अडचण येते. कंट्रोल-केने तुकडे केले की ‘व’च्या पोटातली पोकळीही सुटा आकार बनते, आणि सगळं एकदम निवडून वेल्ड मारलं की ती भरून जाते. म्हणून असं करा:

१. कंट्रोल-के करून तुकडे करा.
२. व, भ, ध, स वगैरेंच्या बंद पोकळ्या ओळखून त्यांना लाल रंग द्या आणि वेगळ्या लेयरवर टाका. जागेवरून हलवू नका.
३. उरलेले सगळे बाह्य आकार निवडून वेल्ड.
४. लाल पोकळ्यांनी वेल्ड झालेला आकार ट्रिम करा (म्हणजे त्यातून तेवढा भाग वजा करा), मग लाल आकार काढून टाका.

इंकस्केपमध्ये हे सोपं आहे. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग अनग्रुप, मग ‘युनियन’. पोकळ्या आपोआप राहतात.

आता शिरोरेषा नीट बघा. शब्द रुंद दिसावा म्हणून कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर वेल्डनंतरही तिथे केसाएवढी फट उरते. ती पडद्यावर दिसत नाही. १००० टक्के मोठं करून प्रत्येक सांधा बघा. फट असेल तर शिरोरेषेच्या नेमक्या जाडीचा आयत त्यावर ठेवून पुन्हा वेल्ड करा. कुठे अर्ध्या मिलिमीटरची पायरी असेल तर तीही आत्ताच सपाट करा. आठ इंची अक्षरात, तिरप्या उन्हात ती दिसते.

आणि थ, ध, भ. या अक्षरांवर शिरोरेषा पूर्ण नसते, डाव्या गाठीपाशी ती तुटते. म्हणून ‘साधना’ एका तुकड्यात निघत नाही. ‘सा’ वेगळा, ‘धना’ वेगळा. ‘वस्त्रभांडार’चेही ‘वस्त्र’ आणि ‘भांडार’ असे दोन होतात. त्यात ‘भां’वरचा अनुस्वार सुटा, तो वेल्डने जोडला जाणार नाही. म्हणजे या पाटीचे एकूण पाच तुकडे. तुटलेल्या शिरोरेषेची फट बिटच्या व्यासापेक्षा कमी असेल तर मशीन ती कापणारच नाही आणि ‘ध’ची गाठ ‘सा’ला चिकटलेली राहील. तेव्हा फट बिटपेक्षा मोठी करा. शिरोरेषा ओढून ‘ध’ बंद करू नका, वाचणाऱ्याला तो ‘घ’ वाटतो.

तपासणी: बाहेरचे बंद आकार मोजा. तुमच्या हिशेबाने पाच हवेत आणि फाइलमध्ये सात निघाले, तर दोन ठिकाणी वेल्ड बसलेलं नाही. चार निघाले तर बहुधा अनुस्वार गेला.

तपासणी: एक शब्द उचलून बाजूला ठेवा. खाली तसाच दुसरा दिसला तर दुहेरी रेषा आहेत. बिट त्याच वाटेने दोनदा जाईल आणि कडा जळतील.

## ५. नोड कमी करा

नोड म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू. टाइप केलेल्या मजकुरात ते जास्त होण्याची अडचण क्वचित येते. ग्राहकाने जुन्या पाटीचा फोटो दिला आणि तुम्ही तो ट्रेस केला, तर मात्र रेष थरथरते. साध्या गोल अनुस्वाराला चार नोड पुरतात, ट्रेसमध्ये चाळीस निघतात. मशीन प्रत्येक नोडपाशी वेग कमी-जास्त करतं आणि कडेवर दात उमटतात. शिरोरेषेच्या सरळ भागात फक्त दोन टोकांना नोड ठेवा, मधले सगळे काढा. अनुस्वार पुसून नवं वर्तुळ काढणं ट्रेस सुधारण्यापेक्षा लवकर होतं. खरं तर अख्खं अक्षरच फोटोवर ठेवून हाताने पुन्हा काढावं. तास-दीड तास जातो, पण कडा स्वच्छ येते.

उघड्या रेषाही इथेच शोधा. कोरलमध्ये जो आकार रंग धरत नाही तो बहुधा उघडा असतो.

## ६. बिट मावतो का?

राउटरचा बिट गोल असतो. आतला कोपरा त्याच्या त्रिज्येइतका गोल होणारच. ३.१७५ मिमीच्या बिटने साधारण १.६ मिमीची गोलाई येते, ६ मिमीच्या बिटने ३ मिमीची. बिटच्या व्यासापेक्षा अरुंद फट कापलीच जात नाही. ‘वस्त्र’मधला ‘स्त्र’ इथे अडतो, कारण अर्ध्या ‘स’चं पोट आणि ‘त्र’च्या तिरप्या रेघा दाटीने बसलेल्या असतात. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही तशीच.

डोळ्याने अंदाज बांधू नका. फाइललाच विचारा:

१. वेल्ड झालेल्या शब्दाला कॉन्टूरने (कडेला समांतर रेष काढणारी सोय) बाहेरच्या बाजूला बिटच्या त्रिज्येइतकं, इथे १.६ मिमी, वाढवा. कोपऱ्यांचा प्रकार ‘राउंड’ ठेवा.
२. कॉन्टूर सुटा करून त्यालाच आतल्या बाजूला १.६ मिमी कमी करा.
३. आलेला आकार मूळ शब्दाखाली वेगळ्या रंगात ठेवा.

मूळ शब्दाबाहेर जिथे खालचा रंग डोकावतो तिथे माल कापला जाणार नाही. कोपऱ्यातला बारीक ठिपका चालेल. ‘स्त्र’मधली अख्खी फट रंगाने भरली असेल तर तीन वाटा उरतात: अक्षर मोठं करा, बारीक बिट मागा, किंवा नोड ओढून फट रुंद करा. मी तिसरी वाट आधी धरतो. अर्ध्या मिलिमीटरने रेघ सरकलेली रस्त्यावरून कुणाला कळत नाही, पण बुजलेलं जोडाक्षर लगेच कळतं.

हे सुट्या अक्षरांसाठी झालं. पॅनलमध्ये भोकं पाडायची असतील तर उलट करा, आधी आत आणि मग बाहेर. त्यात जी रेघ नाहीशी होईल ती बिटपेक्षा अरुंद आहे.

लेझरवर ही पायरी सोडता येते, कारण किरणाची वाट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते.

## ७. पॅनलमधली भोकं आणि आत बसणारी अक्षरं

पॅनलमध्ये ‘व’ कापला की त्याच्या पोटातला तुकडा खाली पडतो. इंग्रजी ‘ओ’चं लक्षात राहतं, ‘व’, ‘भ’ आणि ‘ध’चं विसरलं जातं. मागे ॲक्रिलिक लावणार असाल तर हे तुकडे जपून ठेवून त्यावर चिकटवा, नाहीतर फाइलमध्ये पूल (तुकडा पॅनलला धरून ठेवणारी बारीक पट्टी) ठेवा.

दुसरी गोष्ट देवनागरीचीच. अक्षरांमधला पॅनलचा भाग खालून वर शिरोरेषेपर्यंत जिभेसारखा उभा राहतो. लांब, अरुंद जीभ कापताना थरथरते आणि नंतर वाकते. ‘डार’सारख्या ठिकाणी कान्याच्या दोन्ही बाजूंना अंतर थोडं वाढवा, पण मग शिरोरेषेची सलगता पुन्हा तपासा.

ॲक्रिलिकचं अक्षर एसीपीच्या भोकात बसवायचं असेल तर एकच आकृती दोन्हीकडे वापरू नका. भोकाचे कोपरे गोल येतात, अक्षराचे टोकदार. कान्याचा तळ तिथेच अडतो. आधी मूळ आकृतीचे आतले-बाहेरचे दोन्ही कोपरे बिटच्या त्रिज्येपेक्षा किंचित जास्त गोल करा, उदाहरणार्थ १.८ मिमी. मग त्या आकृतीवरून अक्षर जसंच्या तसं घ्या आणि भोक प्रत्येक बाजूला ०.२ मिमी मोठं करा. पूर्ण पाटी कापण्याआधी एकच अक्षर, शक्यतो सगळ्यात अवघड, उरलेल्या मालावर कापून बसवून बघा.

एसीपीचा ट्रे दुमडायचा असेल तर व्ही-ग्रूव्ह (दुमडीसाठीची व्ही आकाराची खोबण) मागच्या बाजूने पडतो, आणि पॅनल उलटं ठेवूनच भोकंही कापली जातात. म्हणजे फाइल आरशातली हवी. आधी दुमडीच्या रेषा, भोकं, अक्षरं असं सगळं एकत्र ग्रुप करा आणि मग एकदाच मिरर करा. एकेक शब्द जागेवर मिरर केला की अक्षरं उलटी होतात, पण शब्दांचा क्रम तसाच राहतो. खोबण पडल्यावर पुढच्या पत्र्याला चिकटून थोडा गाभा उरला पाहिजे. पत्रा ०.५ मिमीचा असेल तर एकूण साधारण ०.८ मिमी.

तपासणी: मिरर झालेल्या फाइलमध्ये शिरोरेषा वरच दिसते, म्हणून नजर फसते. काना बघा. तो अक्षराच्या डावीकडे आलेला हवा आणि ‘साधना’ पॅनलच्या उजव्या बाजूला.

## ८. लेयर आणि शीटवरची मांडणी

बाहेरून कापायचं, आतून कापायचं, खोबण, ड्रिल, दुमड, यांना वेगळे लेयर आणि वेगळे शुद्ध रंग द्या. लेयरची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मशीनच्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावं पचत नाहीत. पोकळ्या आणि भोकं आधी, बाहेरची कड शेवटी, हे मशीनवाल्याला लिहून द्या. कड आधी कापली की तुकडा हलतो आणि पोकळी तिरकी पडते.

दोन तुकड्यांमध्ये बिटचा व्यास अधिक काही मिलिमीटर अंतर सोडा, शीटच्या कडेने क्लॅम्पसाठी १५ मिमी. टॅब, म्हणजे तुकडा शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे भाग, सरळ कडेवर द्या. शिरोरेषेची वरची बाजू उत्तम, वळणावर घासून साफ करणं कठीण जातं. अनुस्वारालाही टॅब हवाच. लहान गोल तुकडा सुटला की बिट त्याला भिरकावतो.

एसीपीच्या संरक्षक फिल्मवर बाण असतात. ब्रश किंवा मेटॅलिक शीटवर जागा वाचवायला तुकडा फिरवला तर शेजारच्या तुकड्यापेक्षा छटा वेगळी दिसते. सगळे बाण एका दिशेला ठेवा.

शब्द २४४० मिमीपेक्षा लांब असेल तर शिरोरेषा दोन अक्षरांच्या मधोमध तोडा, कान्याच्या अगदी लगत नको. ‘ध’ किंवा ‘भ’पाशी ती आधीच तुटलेली असेल तर तिथेच.

## ९. एक्स्पोर्ट, आणि परत आत

डीएक्सएफ (रेषांच्या आकृतीचा एक फाइल प्रकार) देताना एकक मिलिमीटर निवडा. ते चुकलं की पाटी २५.४ पट मोठी किंवा लहान उघडते. हे निदान लगेच लक्षात येतं. एसव्हीजीची चूक जास्त फसवी असते. इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो, इंकस्केप ०.९२ या आवृत्तीपासून ९६ धरतो, त्यामुळे पाटी पाऊणपट किंवा सव्वापटीहून थोडी मोठी येते आणि चटकन कळत नाही. म्हणून फाइलच्या कोपऱ्यात वेगळ्या लेयरवर १०० × १०० मिमीचा चौकोन ठेवा आणि त्यावर ‘कापू नये’ लिहा. उघडल्यावर आधी तो मोजायचा.

डीएक्सएफची आर-१२ आवृत्ती टाळा. तिच्यात स्प्लाइन (सलग वळणदार रेष) नसते, त्यामुळे प्रत्येक वळणाचे बारीक सरळ तुकडे होतात. मशीनचं सॉफ्टवेअर घेत असेल तर पीडीएफ किंवा ईपीएस अधिक बरं, वळणं वळणंच राहतात.

एक्स्पोर्ट केलेली फाइल नव्या, कोऱ्या फाइलमध्ये आत आणा आणि तिथे चौकोन, शब्दाची उंची, बंद आकारांची संख्या तपासा. मूळ फाइल कितीही नीट असली तरी मशीनवर जाते ती ही.

मशीनवाल्याला फाइलबरोबर मापं लिहिलेली पीडीएफ पाठवा: माल, जाडी, बिट, कोणत्या बाजूने कापायचं, किती तुकडे. आणि पाटी लावणाऱ्या माणसासाठी एकास एक मापाचा कागद छापा, त्यावर अनुस्वाराची जागा, ‘सा’ आणि ‘धना’मधलं अंतर आणि पिनांची भोकं दाखवलेली असावीत. कागद शिरोरेषेच्या ओळीने भिंतीवर चिकटवायचा, लेव्हल लावायची, त्यावरूनच ड्रिल मारायचं.